घर : सर्वांसाठी खुलं

कॉम्प्युटरने मला दोनच पर्याय दिले होते. एक ‘ओपन’, दुसरा ‘प्रायव्हेट’. मी ‘ओपन’वर टिचकी मारली. पुढे जे रामायण घडलं त्यात माझा हात एवढाच, म्हणजे एका बोटापुरताच. बाकीचं सगळं आपोआप झालं.

पण आधी मी दिल्लीत काय करत होतो ते सांगतो, कारण हा प्रश्न मलाही अधूनमधून पडायचा. आमची कंपनी कूलर बनवते. वर्षानुवर्षं ती पुण्याजवळ भोसरीत सुखाने कूलर बनवत होती. मग देशाची दारं उघडली, त्या दारातून एक परदेशी भागीदार आत आला, आणि आल्या आल्या त्याने हेड ऑफिस उचलून गुडगावला नेलं. (पुण्यात पुरेसं गरम होत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला एकदा आमच्या गच्चीवरच्या खोलीत मे महिन्यात झोपवायला हवं होतं.) ऑफिसबरोबर डिस्पॅच खातं गेलं आणि डिस्पॅचबरोबर मीही गेलो. “दोनच वर्षांचा प्रश्न आहे, कुंभोजकर,” असं मला साहेबांनी सांगितलं. सांगून ते स्वतः रिटायर झाले.

प्रमोदिनीची, म्हणजे माझ्या बायकोची, शाळेतली नोकरी पेन्शनला टेकलेली. शिवांगीचं, म्हणजे मुलीचं, कॉलेज नुकतंच सुरू झालेलं. तेव्हा त्या दोघी पुण्यात राहिल्या आणि मी एकटा दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर दोन खोल्यांत येऊन पडलो. प्रमोदिनी आठवडाभर येऊन घर लावून गेली. जाताना म्हणाली, “सगळं जागच्या जागी ठेवलंय.” कुठली वस्तू कुठल्या जागी, हे मात्र स्वतःबरोबर पुण्याला घेऊन गेली.

द्वारका चांगली आहे. लिफ्ट आहे, गार्ड आहे, इंटरकॉम आहे आणि दारं आहेत. एकेका घराला दोन दोन दारं, बाहेरचं जाळीचं आणि आतलं लाकडी, दोन्ही बंद. समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाला मी फक्त बुटांवरून ओळखायचो. काळे बूट बाहेर असले की तो ऑफिसातून आलेला, सँडल नसले की बाजारात गेलेला. एकदा तो लिफ्टमध्ये भेटला. पण सवयीने मी खालीच बघत राहिलो आणि चेहरा बघायचा राहून गेला.

संध्याकाळी कंपनीच्या कॅबमधून उतरताना “बस भैया, यहीं रोक दो” असं म्हणायचो. माझ्या दिवसातलं ते शेवटचं वाक्य. त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी “गुड मॉर्निंग”. मधल्या वेळात घरात फक्त कुकर बोलायचा. मला फार एकटं वाटायचं. हे सरळ सांगून टाकतो, कारण त्या वेळी कुणाला सांगितलं नव्हतं.

प्रमोदिनीचा फोन यायचा रोज. पण तो फोन नव्हे, हजेरी.

“जेवलात?”

“जेवलो.”

“गॅस बंद केलात?”

“केला.”

“मग झोपा आता.”

तेवीस वर्षं एका घरात राहिलेली माणसं एवढ्यातच आटोपायची. एरवी घरी आम्ही भरपूर बोलायचो, पण ते कसं, मी पेपर वाचता वाचता आणि ती भाजी निवडता निवडता. नुसतं समोरासमोर बसून बोलायची आम्हाला सवयच नव्हती. फोनवर भाजी निवडता येत नाही, आणि मग बोलायला सुचत नाही.

अशात नोव्हेंबरमध्ये ऑफिसात ‘साथी’ आला. तेव्हा फोनला बटणं होती आणि निरोप म्हणजे एसेमेस. ‘साथी’ हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर होतं. त्यात माणसांनी ग्रुप करायचे, आपापल्या जागेवर बसून एकमेकांना लिहायचं, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशीही तो पुण्यात बसल्यासारखं बोलायचं. आमचे खन्नासाहेब उद्घाटनाला तासभर बोलले. “हम सब एक परिवार हैं,” असं ते पुनःपुन्हा म्हणाले. मग आयटीतल्या गौरवने माहिती दिली.

“सर, बाहर वालों को भी जोड़ सकते हैं. ट्रान्सपोर्टर, डीलर, कोई भी. उनको मेल पे इन्व्हाइट जाएगा. और ये नीचे छोटी सी आँख देख रहे हैं? मेसेज कितनी बार देखा गया, ये वो बताती है.”

त्याच क्षणी माझ्या डोक्यात दिवा पेटला. (माझ्या डोक्यातले दिवे क्वचित पेटतात, आणि पेटले की घराचा फ्यूज उडतो.) जो साथी ट्रान्सपोर्टरला जोडतो तो बायकोला का जोडणार नाही? जेवणाच्या सुटीत मी एक ग्रुप केला. नाव दिलं ‘घर’. तेव्हाच तो प्रश्न आला, ओपन की प्रायव्हेट. आमच्या पुण्याच्या घराचं दार सकाळी उघडतं ते रात्री झोपताना लागतं. खालच्या अलकनंदाकाकू वाटी घेऊन येतात आणि न विचारता साखर घेऊन जातात. प्रायव्हेट म्हणावं असं त्या घरात एक न्हाणीघर, आणि त्याचीही कडी लागत नाही. द्वारकेत आल्यापासून बंद दारं बघून माझा जीव विटला होता. निदान कॉम्प्युटरमधलं घर तरी उघडं असू दे, म्हणून मी ‘ओपन’ निवडलं. ते कुणाकुणाला उघडं असतं, हा विचार मनाला शिवलाही नाही.

शिवांगीने आईला एक ईमेल काढून दिला होता. त्यावर निमंत्रण धाडलं आणि संध्याकाळी फोनवर सांगितलं, “तुला एक निमंत्रण पाठवलंय.”

“कुणाचं लग्न?”

“लग्न नाही गं. ऑफिसचं आहे.”

“ऑफिसची निमंत्रणं तुमची तुम्ही बघा.”

मी हा होकार समजलो. (तेवीस वर्षांत मला होकार असेच मिळत आलेत.)

मग लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून पहिला निरोप लिहिला. “प्रमोदिनी, इथे थंडी सुरू झाली. माझा तो मरून स्वेटर कुठे ठेवला आहेस?” मराठीत लिहिला, अर्थात. तेव्हा मला मराठी म्हणजे दिल्लीतलं एक पक्कं कुलूप वाटायचं. कॅबमध्ये, लिफ्टमध्ये, बाजारात मराठीत काहीही बोला, कुणाला कळत नाही, हा आम्हा पुण्याच्या लोकांचा इथला मोठा आधार. बाकी काही नसलं तरी तेवढं एक स्वातंत्र्य असतं. बोललेली मराठी लोकांच्या कानावरून जाते, पण लिहिलेली मराठी हिंदीच्याच अक्षरांत असते आणि ती अक्षरं सगळी दिल्ली पहिलीपासून गिरवते, हे माझ्यासारख्या पदवीधर माणसाच्या लक्षात आलं नाही.

स्वेटरचं उत्तर आलं नाही. निरोपाखालच्या डोळ्यासमोर मात्र ‘२’ असा आकडा आला. दोघींनी वाचलं तर, असं मी समजलो. उत्तर नाही म्हणजे प्रमोदिनी मला धडा शिकवतेय, तुमचं तुम्ही शोधा. ठीक आहे. मीही कुंभोजकर आहे. एकदा विचारलं, पुन्हा विचारणार नाही. फोनवर तर नाहीच. मी सरळ सरोजिनी नगरच्या बाजारात जाऊन एक जाकीट आणलं. ते घालून ऑफिसला गेलो तर बिलिंगच्या वीणा चड्ढा हळूच म्हणाल्या, “कुंभोजकरजी, ये लेडीज़ है.” मी ते थंडीभर घातलं. ऊब ही काही लेडीज किंवा जेंट्स नसते.

पण लिहायची चटक लागली. रोज संध्याकाळी कुकर लावला की मी ‘घर’ उघडायचो. मेथी कडू झाली, हिंग संपला, हे लिहायचो. समोरच्या माणसाने आज नवे बूट घेतले, हे लिहायचो. खन्नासाहेबांविषयी लिहिलं, “हा माणूस कुकरसारखा आहे. शिट्ट्या खूप, शिजत काही नाही.” वीणाबाईंविषयी लिहिलं, “कायम एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा.” फोनवर जे कधी सुचलं नाही ते हातातून भराभर उतरायचं. आणि डोळ्यासमोरचा आकडा वाढत गेला. नऊ झाला, मग तीस, मग ऐंशी.

मी हरखून गेलो. जी बाई घरी माझं एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकत नाही, ती मला ऐंशी-ऐंशी वेळा वाचतेय. मी आरशासमोर उभा राहून जरा केस सारखे केले. खात्री करावी म्हणून फोनवर विचारलं, “वाचतेस ना?”

“वाचतेय की,” ती दमून म्हणाली. “रोज रात्री वाचतेय. डोळे गेले माझे वाचून वाचून.”

ती सहामाहीच्या पेपरांविषयी बोलत होती. मला ते कळायला पुढे चार महिने लागले. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, “असू दे. डोळ्यांना जप.”

त्यानंतर माझी लेखणी सुटली. अगदी मनातलं उतरायला लागलं. संध्याकाळी सात ते नऊ हा वेळ जात नाही, हे लिहिलं. इडलीच्या दुकानात मुद्दाम दोन प्लेट मागवतो, म्हणजे वेटरला वाटतं अजून कुणी यायचंय, हेही लिहिलं. त्याच सुमारास दिल्लीचे लोक माझ्याशी विलक्षण चांगले वागायला लागले. वीणाबाई जाता जाता म्हणाल्या, “मेथी में ज़रा सी चीनी डाला कीजिए.” एका सकाळी टेबलावर हिंगाची डबी. खन्नासाहेब कॉरिडॉरमध्ये थांबवून म्हणाले, “दीवान में देखा?” मला अर्थ लागला नाही. मोठ्या लोकांना काहीही विचारायची सवय असते, म्हणून मी “जी सर” म्हणून पुढे गेलो. दिल्लीचं पाणी बदलतंय, असं त्या संध्याकाळी ‘घर’मध्ये लिहिलं. डोळ्यापुढचा आकडा तासाभरात शंभर ओलांडून गेला.

एप्रिलमध्ये माझा पन्नासावा वाढदिवस आला. शनिवार होता. प्रमोदिनीची परीक्षेची गडबड, तिला जमणार नव्हतं. आदल्या दिवशी मी लिहिलं, “प्रमोदिनी, उद्या पन्नास पूर्ण होतील. मला काही नको. इथे आल्यापासून माझ्या दाराची बेल फक्त दूधवाला वाजवतो. उद्या कुणीतरी उगाच वाजवावी, काही काम नसताना, एवढंच वाटतं. बाकी बरा आहे.”

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास बेल वाजली. मी बनियनवर होतो. दार उघडलं तर समोर खन्नासाहेब, त्यांच्यामागे वीणाबाई, गौरव, सगळं बिलिंग, अर्धं डिस्पॅच, आणि लिफ्ट पुन्हा खाली गेली होती उरलेल्यांना आणायला.

“कोई काम नहीं है,” खन्नासाहेब म्हणाले. “बस ऐसे ही घंटी बजाई.”

हे वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं. कुठे, ते आठवायला मला एक क्षण लागला. वाचलं नव्हतं, लिहिलं होतं. खन्नासाहेबांनी माझ्या हातात एक मोठं खोकं ठेवलं. आत नवा कोरा कुकर.

“इसमें सीटी भी बजेगी,” ते म्हणाले, “और पकेगा भी.”

मी दाराची चौकट धरली. मागून वीणाबाई आल्या, हातात छोल्यांचं मोठं पातेलं. “मुझे तो आधा ही समझ आता था जी. पर मेरे यहाँ लातूर की लड़की पीजी रहती है, आयएएस की तैयारी करती है. एरंडेल का मतलब उसी से पूछा.” त्या एवढं बोलून हसल्या. पाच महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो, आणि चेहरा चांगला होता हो त्यांचा. माझंच निरीक्षण कच्चं.

मी गौरवला बाजूला ओढलं. “ते सगळ्यांना दिसतं?”

“सर, ओपन है ना. पूरी कंपनी को दिखता है. भोसरी वालों को भी.” मग त्याने आवाज खाली आणला. “प्रायव्हेट कर दूँ? पर सर, लोग बुरा मानेंगे. शाम को सब इंतज़ार करते हैं.”

त्या दिवशी माझ्या दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग पडला होता. तेवढ्यात त्यात एक काळ्या बुटांचा जोड येऊन थांबला. मी तो लगेच ओळखला. आवाज ऐकून समोरचे गृहस्थ आले होते. साकेत त्यांचं नाव. चेहरा साधा, गोल, दाढीवाला. त्यांनाही छोले दिले. माझ्याकडे चारच ताटल्या होत्या, म्हणून लोक कुकरच्या डब्यांत जेवले. खूप दिवसांनी घरात एवढा आवाज होता. शरमेने माझं तोंड वर होत नव्हतं आणि सगळ्यांनी लवकर जाऊ नये असंही वाटत होतं.

ते गेल्यावर मी प्रमोदिनीला फोन लावला.

“अगं, मी रोज लिहायचो ते तू वाचत होतीस ना?”

“कुठे लिहायचात?”

मी खुर्चीत बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. तेवीस वर्षांत तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं असं हे पहिलंच बोलणं. मग म्हणाली, “म्हणजे पाच महिने तुम्ही माझ्याशी बोलत होतात, आणि मी सोडून सगळ्या दिल्लीने ऐकलं.”

“सगळ्या दिल्लीने नाही. फक्त गुडगावने. आणि भोसरीने.”

“भोसरी? म्हणजे तुमच्या कारखान्यातले अंबादासभाऊजी पण?”

“बहुतेक.”

“तरीच त्यांची बायको परवा भाजीच्या दुकानात माझा हात धरून म्हणाली, जा हो एकदा दिल्लीला. मला कळेना, हिला काय झालं. अहो, मला वाटायचं तुमचं तिकडे छान चाललंय. फोनवर जेवलो, झोपतो, याच्यापुढे गाडी जायची नाही. शिवांगी कानात ते घालून खोलीत बसते. मी टीव्हीवरच्या बायकांशी बोलते. कुणाला सांगू नका.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत? गॅसचं तरी मी विचारायची.”

तिने शिवांगीला हाक मारली आणि ते निमंत्रण शोधायला सांगितलं.

रविवारी सकाळी ‘घर’मध्ये ओळ आली : ‘प्रमोदिनी आल्या आहेत.’ मी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून लॅपटॉपसमोर बसलो. ती वाचत होती. पाच महिने वाचायला वेळ लागणारच. मी दोनदा चहा केला. दुपारी जेवलो नाही. मग पडद्यावर अक्षरं आली, ‘प्रमोदिनी लिहीत आहेत…’ आणि ती तिथेच लुकलुकत राहिली. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मोठं पत्र दिसत होतं. इतक्या वर्षांत तिने मला एवढं लांब काही लिहिलं नव्हतं. आणि मी एकटा वाट बघत नव्हतो. सुटीचा दिवस असूनही डोळ्यासमोरचा आकडा भराभर चढत होता. गौरवचा एसेमेस आला, “सर, सब ऑनलाइन हैं.”

अखेर निरोप पडला.

“मरून स्वेटर दिवाणात आहे. निळ्या चादरीखाली, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलाय. त्याच दिवाणावर रोज झोपता. एक तारखेला निकाल लागला की त्याच दिवशी गाडीत बसते. तोवर संध्याकाळी सात ते नऊ मी इथे आहे. इडलीच्या दोन प्लेट मागवायची सोंगं बंद करा. प्रमोदिनी.”

मी तीनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. खाली खन्नासाहेबांचं लगेच आलं, “भाभीजी, मैंने इनको कहा था, दीवान में देखो.”

मी उठलो, गादी सरकवली, दिवाणाची फळी उचलली. निळी चादर होती. तिच्याखाली माझा स्वेटर, नीट घडी घातलेला. बाहेर एक्केचाळीस डिग्री होती आणि आमच्याच कंपनीचा कूलर मोडून पडला होता. तरी मी तो स्वेटर घातला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, आणि त्याच्याखालून आमच्या पुण्याच्या कपाटाचा. मला जरा रडू आलं. घाम होताच, त्यामुळे बघणाऱ्याला फरक कळला नसता. म्हटलं, आज लिहायला नको, आज बघू दे तिला. कॅमेऱ्यासमोर ताठ बसलो आणि फोटो ‘घर’मध्ये टाकला.

पुन्हा ते लुकलुकलं, ‘प्रमोदिनी लिहीत आहेत…’

“उलटा घातलाय,” तिने लिहिलं.